प्रेक्षकांचा मान

३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री, अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, न्यूयॉर्कच्या घड्याळात ११ वाजून २० मिनिटांनी, फॉक्स न्यूज या उजव्या विचारांच्या वाहिनीने जाहीर केलं की ॲरिझोना राज्य ट्रम्प नव्हे तर जो बायडेन जिंकणार. तोवर दुसऱ्या कुठल्याही मोठ्या वाहिनीने तसं म्हटलं नव्हतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला आणखी साडेतीन तास लागले. बाकीच्या वाहिन्या तर कित्येक दिवस थांबल्या. फॉक्सच्या निकाल-कक्षाचे प्रमुख आर्नन मिश्किन यांना त्याच रात्री कॅमेऱ्यासमोर आणून खोदून खोदून विचारलं गेलं. ते आपल्या आकडेमोडीवर ठाम राहिले. अखेरीस बायडेन तिथे १०,४५७ मतांनी जिंकले. फॉक्सने घाई केली असं मानणारे आजही आहेत, पण निकाल बरोबर ठरला.

एरवी अशा रात्री कुठल्याही डेस्कवर पेढे वाटले असते. इथे दुसऱ्याच दिवशी फिनिक्सच्या मतमोजणी केंद्राबाहेर ट्रम्प समर्थकांचा जमाव फॉक्सच्या नावाने शिव्यांच्या घोषणा देत होता. घोषणा देणारी माणसं सीएनएनचे प्रेक्षक नव्हती. वीस-पंचवीस वर्षं जे आपलं घर समजून फॉक्स लावत होते, तेच हे लोक.

पुढच्या अडीच वर्षांत या एका बरोबर बातमीचे धागे कुठवर गेले, हे या प्रकरणात पाहायचं आहे. पैशासाठी वाहिनी खोटं बोलली आणि तडजोडीचे पैसे भरून मोकळी झाली, असं ते सहसा सांगितलं जातं. ते चूक नाही. पण मी काही वर्षं एका मराठी वाहिनीच्या डेस्कवर काढली आहेत, आणि मला या प्रकरणात पैशाच्या आधी शैली दिसते. बोलण्याची एक पद्धत बनवायला वीस वर्षं लागली, आणि एके दिवशी तीच पद्धत बोलणाऱ्यांच्या गळ्यात अडकली.

ती पद्धत आधी नीट पाहू.

रुपर्ट मर्डॉक यांच्या पैशावर आणि रॉजर एल्स यांच्या डोक्यातून ७ ऑक्टोबर १९९६ रोजी फॉक्स न्यूज सुरू झाली. मर्डॉक टॅब्लॉइड वृत्तपत्रांत मुरलेले. लंडनचं ‘सन’ त्यांनी १९६९ मध्ये घेतलं, ‘न्यूयॉर्क पोस्ट’ १९७६ मध्ये. एल्स दिवसा घरी असणाऱ्या बायकांसाठीच्या गप्पांच्या कार्यक्रमातून आले होते, आणि १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांना टीव्हीवर माणसासारखं कसं दिसायचं ते शिकवून राजकारणात शिरले होते. म्हणजे वाहिनीच्या दोन्ही आईबापांचं घराणं पत्रकारितेच्या सोवळ्या शाळेतलं नव्हतं. बिल ओ’रायली, ज्यांच्या भोवती वाहिनीची रात्र उभी राहिली, ते आधी ‘इनसाइड एडिशन’ नावाचा चटकदार बातम्यांचा कार्यक्रम करत. लाँग आयलंडच्या लेव्हिटाऊनसारख्या साध्या, नोकरदारांच्या वस्तीत वाढलो हे ते पुन्हा पुन्हा सांगत. हार्वर्डची पदवीही आहे, हे त्या मानाने कमी वेळा. प्रेक्षकांना ते ‘फोक्स’ म्हणत, आपल्याकडे ‘मंडळी’ म्हणावं तसं. वाहिनीचे दुसरे मोठे निवेदक शॉन हॅनिटी कधीकाळी घरं रंगवायची कामं करत, तेही प्रेक्षकांना पाठ होतं.

लोकानुनयी सादरीकरण म्हटलं की आपल्याला आरडाओरडा आठवतो: आठ खिडक्या, लाल पट्ट्या, टेबलावर आपटलेला हात. पण आरडाओरडा हा फक्त मसाला आहे. या शैलीत मुळात तीनच पात्रं असतात: मी, तुम्ही आणि ते. ‘ते’ म्हणजे शिकलेले, शहरी, तुमच्या बोलण्याला, जेवणाला, देवाला हसणारे. ‘तुम्ही’ म्हणजे साधी, कष्टाळू, समजूतदार माणसं. आणि ‘मी’ म्हणजे त्यांच्या वाड्यात वावरूनही तुमचाच राहिलेला माणूस, जो रोज रात्री तिथल्या गोष्टी बाहेर आणून सांगतो. एकदा ही मांडणी बसली की प्रत्येक बातमी त्यात बसते. कराची बातमी असो, शाळेच्या पुस्तकाची असो की नाताळच्या शुभेच्छांची, प्रश्न एकच उरतो: हे तुमचा अपमान करणारं आहे की नाही?

टकर कार्लसन हा या शैलीचा सर्वात पक्का कारागीर. त्याची पार्श्वभूमी मात्र नेमकी उलटी: खासगी निवासी शाळा, सावत्र आई स्वॅन्सन या गोठवलेल्या जेवणाच्या कंपनीच्या घराण्यातली, आणि सुरुवातीची बरीच वर्षं गळ्यात बो-टाय. २००६ मध्ये बो-टाय गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये फॉक्सवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये ओ’रायलीची आठची वेळ त्याला मिळाली. त्याचा चेहरा आठवा. भुवया जवळ आलेल्या, तोंड किंचित उघडं, नजर थेट लेन्समध्ये. समोरचा पाहुणा बोलत असताना तो चेहरा काहीच बोलत नाही, पण घरी बसलेल्याला बरोबर कळतं: ‘मला जे वेड्यासारखं वाटतंय ते यालाही वाटतंय.’ वाक्यं बहुधा प्रश्नार्थक. दावा करायचा नाही, विचारायचं. आपल्याकडे नाक्यावर ‘मी काही म्हणत नाही हो, पण…’ असं सुरू करणारा जो असतो, तोच हा. जानेवारी २०१९ मधल्या एका स्वगतात त्याने बाजारव्यवस्थेला स्टेपल गन किंवा टोस्टरसारखं हत्यार म्हटलं. तिची पूजा करणारा मूर्ख, असं. उजव्या वाहिनीवर हे ऐकून डावेही चमकले होते. तेव्हा हे सगळं पोकळ नाटक होतं असं म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यात काही वेळा खरा मुद्दा असे, आणि म्हणूनच ते चाले.

लोकांच्या भाषेत बोलणं हा दोष नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांचा ‘मराठा’ ज्या भाषेत लिहायचा, तिच्यापुढे आजचे अँकर सोवळ्यातले वाटावेत. पण ‘मराठा’ चळवळीचं पत्र म्हणूनच विकलं जायचं. फॉक्सच्या पाटीवर ‘न्याय्य आणि समतोल’ लिहिलेलं होतं, २०१७ पर्यंत. खाली तीन पात्रांचं नाटक आणि वर ही पाटी. ॲरिझोनाच्या रात्री निकाल-कक्ष पाटीप्रमाणे वागला आणि प्रेक्षकांनी नाटकाप्रमाणे प्रतिक्रिया दिली.

आता पडद्यामागे. इथे या प्रकरणाची खरी श्रीमंती आहे, कारण पुढे डोमिनियन या मतदान यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने फॉक्सवर लावलेल्या बदनामीच्या खटल्यात या मंडळींचे मोबाइल आणि ईमेल कोर्टात उघडले गेले. आपण एरवी अँकरच्या मनात काय चाललं असेल याचे तर्क करतो. इथे ते तारीखवार लिहून ठेवलेलं आहे.

निवडणुकीनंतर काही दिवसांतच कार्लसन आपल्या निर्मात्याला लिहितो की आपण प्रेक्षकांचा किती विश्वास गमावला हे वरच्यांना कळतंय का? आपण आगीशी खेळतोय, आणि न्यूजमॅक्स या छोट्या प्रतिस्पर्धी वाहिनीसारखा पर्याय आपल्याला उद्ध्वस्त करू शकतो. ‘विश्वास’ हा शब्द इथे कसा वापरलाय पाहा. बातमी बरोबर देऊन विश्वास गमावला, अशी ही तक्रार आहे.

७ नोव्हेंबरला बायडेन जिंकल्याचं सगळ्यांसोबत फॉक्सनेही जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मारिया बार्टिरोमो यांच्या कार्यक्रमात ट्रम्प यांच्या बाजूच्या वकील सिडनी पॉवेल आल्या आणि डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी मतं फिरवल्याचं सांगू लागल्या. त्यांनी आदल्या दिवशी बार्टिरोमो यांना ‘पुरावा’ म्हणून एक ईमेल पुढे पाठवला होता. तो लिहिणारी अनोळखी बाई स्वतःच म्हणते की हे सगळं जरा वेडगळच आहे. आणि पुढे, वारा तिच्याशी बोलतो, तू भूत आहेस असं तिला सांगतो, पण तिला ते पटत नाही. मतदान यंत्रांवरचा संशय आपल्याला नवा नाही, त्यावर आपल्याकडे न्यायालयात वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. पण वारा बोलतो म्हणणाऱ्या ईमेलच्या पायावर राष्ट्रीय वाहिनीवर मुलाखत, हे वाचून मी खुर्चीत सरळ झालो होतो.

पुढच्या आठवड्यांत दावे फुगत गेले: कंपनी व्हेनेझुएलात तिथले डावे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्यासाठी निघाली, तिचं सॉफ्टवेअर मतं इकडची तिकडे करतं, अधिकाऱ्यांना लाच दिली. प्रत्यक्षात डोमिनियन टोरंटोत सुरू झालेली, डेन्व्हरमधून चालणारी कंपनी होती. जॉर्जियात तर कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या आणि निकाल तोच आला.

१२ नोव्हेंबरला फॉक्सच्याच वार्ताहर जॅकी हाइनरिक यांनी ट्रम्प यांचं एक ट्विट तपासून लिहिलं की यंत्रांनी मतं बदलल्याचा पुरावा नाही. साधं, रोजचं काम. कार्लसनने हॅनिटी आणि फॉक्सच्याच निवेदक लॉरा इंग्रॅम यांच्यासोबतच्या गटात मेसेज टाकला: हिला काढून टाका, कंपनीचं नुकसान होतंय, शेअरचा भाव पडलाय, मी गंमत करत नाही.

आणि १८ नोव्हेंबरला तोच कार्लसन इंग्रॅम यांना लिहितो की सिडनी पॉवेल खोटं बोलतेय, मी तिला पकडलंय. इंग्रॅम उत्तर देतात की ती पूर्ण वेडी आहे. मग कार्लसनचं वाक्य येतं, जे मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वात महत्त्वाचं वाटतं: आपले प्रेक्षक चांगली माणसं आहेत आणि त्यांचा यावर विश्वास बसलाय.

त्यात तुच्छता नाही, तळमळच आहे. पण ती तळमळ हाइनरिकच्या नोकरीवर उठते, पॉवेलच्या नाही.

१९ नोव्हेंबरच्या रात्री त्याने प्रत्यक्ष पडद्यावर काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्या दुपारी ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी आणि पॉवेल यांची ती कुप्रसिद्ध पत्रकार परिषद झाली होती, जिथे जुलियानींच्या गालांवरून केसांच्या रंगासारखे काळे ओघळ उतरत होते. आठ वाजता कार्लसन सुरू करतो. आधी लांबलचक प्रस्तावना: आम्ही मोकळ्या मनाचे आहोत, आम्ही तर उडत्या तबकड्यांवरही कार्यक्रम करतो, पॉवेल यांचा आम्ही नेहमीच मान राखला, आम्ही त्यांना पूर्ण तास द्यायला तयार होतो, आठवडा द्यायला तयार होतो. आणि मग, एवढे गालिचे अंथरून झाल्यावर, एक वाक्य: पण त्यांनी पुरावा पाठवला नाही, नम्रपणे कितीतरी वेळा मागूनही नाही, एक पानसुद्धा नाही, उलट त्या चिडल्या आणि पुन्हा संपर्क करू नका म्हणाल्या. लगेच पुढे सारवासारव, की पुरावा नसेलच असं नाही, त्यांनी तो पुढे आणावा.

‘ती खोटं बोलतेय’ हे खासगीतलं तीन शब्दांचं वाक्य पडद्यावर यायला इतका वळसा घ्यावा लागला, आणि तरी ते आलंच नाही. जे आलं त्यावरही प्रेक्षक भडकले. कार्लसन ‘त्यांच्यातला’ झाला, विकला गेला, असे संदेश आले. वीस वर्षं ज्या प्रेक्षकाला सांगितलं की शंका काढणारा शिष्ट तुला कमी लेखतो, त्याच्यासमोर शंका काढायची वेळ आली तेव्हा तो शिष्ट कोण दिसणार?

त्याच पत्रकार परिषदेनंतर वार्ताहर क्रिस्टिन फिशर यांनी पडद्यावर सांगितलं होतं की जुलियानींच्या बऱ्याच दाव्यांना आधार नाही. त्यांना वरिष्ठांचा फोन आला. वरची मंडळी नाराज आहेत, प्रेक्षकांचा मान राखायला हवा, असा त्याचा आशय.

‘प्रेक्षकांचा मान राखा.’ हा शब्दप्रयोग या प्रकरणाची किल्ली आहे. मान म्हणजे काय? खरं सांगणं हा मान असू शकतो. पण या शैलीत मानाचा अर्थ केव्हाच बदलला होता: ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याला धक्का न लावणं. डिसेंबरच्या सुरुवातीला एरिक शॉन या निवेदकाने ट्रम्प यांचे दावे तपासले, तेव्हा वाहिनीच्या प्रमुख सुझॅन स्कॉट यांनी लिहिलं की हे ताबडतोब थांबलं पाहिजे. हा वाईट धंदा आहे. प्रेक्षक संतापलेत आणि आपणच त्यांना खाद्य पुरवतोय.

मला इथे आमच्या डेस्कवरचा गुरुवार आठवतो. गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे आले की केबिनमध्ये मिनिटागणिक आलेख उघडायचा. रेघ कुठे पडली, त्या मिनिटाला पडद्यावर काय होतं, हे बोट ठेवून पाहायचं. एकदा आम्ही आदल्या दिवशीची चूक दुरुस्त करणारी चाळीस सेकंदांची बातमी चालवली होती. रेघ नेमकी तिथे पडली. कोणी काही बोललं नाही. फक्त त्यानंतर दुरुस्त्या रात्री साडेअकराच्या बुलेटिनला जाऊ लागल्या. लिखित आदेश कधीच निघाला नाही. फॉक्समध्ये तो निघाला, ईमेलवर, एवढाच काय तो फरक.

आणि भीती खोटी नव्हती. न्यूजमॅक्स, १९९८ मध्ये संकेतस्थळ म्हणून सुरू झालेलं दुकान, १४ डिसेंबरला निर्वाचक मंडळाचं मतदान होईपर्यंत बायडेन यांना विजयी म्हणायला तयार नव्हतं. ७ डिसेंबरला त्यांच्या ग्रेग केली यांच्या कार्यक्रमाने २५ ते ५४ वयोगटात फॉक्सच्या सात वाजताच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा मागे टाकलं. ‘मी तुमचा’ म्हणणाऱ्याला नेहमीच ही भीती असते, की शेजारी कोणीतरी ‘मी जास्त तुमचा’ म्हणत उभा राहील.

डोमिनियनने २६ मार्च २०२१ रोजी डेलावेअरच्या न्यायालयात १६० कोटी डॉलरचा दावा लावला. अमेरिकेत माध्यमांवर बदनामीचा असा खटला जिंकणं महाकठीण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सलिव्हन निकालापासून हे सिद्ध करावं लागतं की खोटं आहे हे माहीत असून, किंवा खरं-खोटं जाणून घ्यायची पर्वाच न करता सांगितलं. मनातलं कसं सिद्ध करणार? बहुतेक दावे तिथेच संपतात. शिवाय शैली स्वतःच ढाल होते. २०२० मध्येच एका वेगळ्या प्रकरणात कार्लसनविरुद्धचा दावा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायाधीशांनी फेटाळला होता, कारण कार्यक्रमाच्या एकूण सुरावरूनच सुज्ञ प्रेक्षकाला कळायला हवं की इथे अतिशयोक्ती चालते. विरुद्ध बाजूच्या एमएसएनबीसीवरच्या रेचल मॅडो यांनाही त्याच सुमारास अशाच युक्तिवादाने दिलासा मिळाला. प्रेक्षकाला ‘सत्य फक्त इथेच’ आणि न्यायाधीशाला ‘आमचं कोण मनावर घेतं’. हा दुहेरी व्यवहार दोन्ही गोटांत चालतो.

डोमिनियनकडे मात्र मेसेज होते. मर्डॉक यांनी शपथेवर कबूल केलं की काही निवेदकांनी त्या दाव्यांना दुजोरा दिला. उशा विकणाऱ्या, निवडणूक चोरल्याचं सांगत फिरणाऱ्या जाहिरातदाराला पडद्यावर का ठेवलं, या चर्चेत वकिलाने विचारलं की म्हणजे प्रश्न लाल-निळ्याचा नव्हता, हिरव्याचा होता? ते हो म्हणाले. लाल-निळा म्हणजे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट पक्ष, हिरवा म्हणजे डॉलर. (आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये टीआरपी प्रकरणाच्या आरोपपत्रातून व्हॉट्सॲप संभाषणं बाहेर आली, तेव्हा दोन दिवस गहजब झाला होता.) ३१ मार्च २०२३ रोजी न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी नोंदवलं की डोमिनियनविषयीचं यातलं एकही विधान खरं नाही, हे लख्ख स्पष्ट आहे. १८ एप्रिलला ज्युरी बसली आणि त्याच दिवशी तडजोड झाली: ७८ कोटी ७५ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने जवळपास साडेसहा हजार कोटी रुपये. पडद्यावर माफी मागायची अट त्यात नव्हती. ॲरिझोनाचा निकाल बरोबर सांगणाऱ्या चमूतले राजकीय संपादक क्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी २०२१ च्या जानेवारीतच गेली होती. न्यूजमॅक्सनेही पुढे, २०२५ मध्ये, डोमिनियनला ६ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल करून खटला मिटवला.

२४ एप्रिलला फॉक्सने कार्लसनला निरोप दिला. कारण वाहिनीने सांगितलं नाही. जूनमध्ये तो ट्विटरवर आला आणि २३ ऑगस्टला, फॉक्सवर रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांचा पहिला वादविवाद सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी, त्याने ट्रम्प यांची ध्वनिमुद्रित मुलाखत टाकली. आता वर सुझॅन स्कॉट नव्हत्या, निकाल-कक्ष नव्हता, दुसऱ्या खोलीत बसून ट्विट तपासणारी हाइनरिक नव्हती. वाहिनीत निदान पाटी आणि नाटक दोन्ही होतं आणि त्यांचं भांडण तरी व्हायचं.

पण मला राहून राहून आठवतो तो त्याचा फॉक्सवरचा शेवटचा कार्यक्रम, शुक्रवार २१ एप्रिलचा. तडजोडीला तीन दिवस झालेले. आपल्याला काढलं जाणार आहे हे त्याला माहीत नाही. पोलिसांपासून पळणाऱ्या एका संशयिताला पाय घालून पाडणारा पेन्सिल्व्हेनियातला एक पिझ्झा पोचवणारा तरुण त्या दिवशी पाहुणा होता. तो डबे घेऊनच स्टुडिओत आला. टेबलावर झाकण उघडलं गेलं, कार्लसनने एक तुकडा उचलला आणि भरल्या तोंडाने, खळखळून हसत, आठवड्याचा निरोप घेतला: सोमवारी पुन्हा भेटू.